चिरक: शेपटी, बूड आणि भिंतीतलं भोक

गावाबाहेरच्या माळावर दगडांचा ढीग असतो, शेताच्या कडेला ताल, म्हणजे दगडी बांध, असते, कोकणात गडगा असतो, शहरात अर्धवट बांधून सोडलेलं घर असतं. अशा ठिकाणी चिमणीपेक्षा जरा मोठा, काळाभोर पक्षी शेपटी थेट आभाळाकडे उभी करून बसलेला दिसला, तर तो बहुतेक चिरक असतो. महाराष्ट्रातल्या कोरड्या, उघड्या जागांवर वर्षभर हमखास भेटणारा हा पक्षी. तरीही पक्षी बघायला सुरुवात केलेल्या मंडळींच्या वहीत तो कधी 'दयाळ' म्हणून, कधी 'गप्पीदास' म्हणून, तर त्याची मादी 'कुठलीतरी तपकिरी चिमणी' म्हणून नोंदली जाते. ही चूक होते, कारण आपण आधी रंग बघतो. चिरक रंगावरून ओळखायला गेलं की घोळ होतो. शेपटी आणि जमिनीवरची चाल बघितली, तर उन्हाच्या विरुद्ध बाजूला नुसती काळी आकृती दिसली तरी तो चुकत नाही.

शेपटीपासूनच सुरू करू. अंगाच्या मानाने ती लांब असते. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत हा पक्षी 16 ते 19 सेंटिमीटर भरतो आणि त्यातला बराच भाग शेपटीचा. चिरक जमिनीवर उतरला, दोन-तीन उड्या मारून थांबला, की शेपटी झटक्यात वर जाते. बऱ्याचदा ती काटकोनाच्याही पुढे जाऊन पाठीवर डोक्याच्या दिशेने झुकते. मग हळूच खाली येते, पुन्हा वर. शेपटी वर गेली की तिच्या बुडाचा विटकरी-तांबूस रंग उघडा पडतो. हा तांबूसपणा पोटावर नसतो, शेपटीवर नसतो, पाठीवर तर नसतोच. शेपटीच्या मुळाशी खालच्या बाजूने जी मऊ पिसं असतात, तेवढ्यांचाच तो रंग. नर आणि मादी दोघांनाही तो असतो. मादीचा जरा फिका. म्हणून उभी शेपटी आणि तांबूस बूड या दोन खुणा एकत्र दिसल्या की नर-मादीचा विचार नंतर करायचा, पक्षी चिरकच.

पांढऱ्या खुणेनं मात्र बरेच जण फसतात. नराच्या खांद्यावर पांढरा पट्टा असतो, असं सगळीकडे वाचायला मिळतं आणि ते खरंही आहे. पण पंख मिटून बसलेल्या नराचा हा पट्टा कधी बारीक पांढऱ्या रेघेएवढाच दिसतो, तर कधी बाजूच्या पिसांखाली पूर्ण झाकला जातो. मग 'पांढरा पट्टा नाही, म्हणजे हा दुसराच पक्षी' असा निष्कर्ष निघतो. तो उडेपर्यंत थांबायचं. एका दगडावरून दुसऱ्या दगडावर जाताना पंख उघडले, की दोन्ही पंखांवर पांढरा रंग लख्ख चमकतो आणि बसता बसता पुन्हा गायब होतो. मादीच्या पंखावर हे पांढरं अजिबात नसतं. तिची पाठ मातकट तपकिरी, पोट राखाडी-तपकिरी, शेपटी गडद काळसर. नुकती घरट्याबाहेर पडलेली पिल्लं साधारण मादीसारखीच, फक्त त्यांच्या गळ्यावर फिकट ठिपक्यांची नक्षी असते.

नराच्या पाठीबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण चित्रांची पुस्तकं बघून ओळखणाऱ्यांचा इथे नेहमी गोंधळ होतो. उत्तर भारतातल्या नराची पाठ तपकिरी असते, फक्त चेहरा आणि खालची बाजू काळी. दक्षिणेकडच्या नराची पाठही काळी, निळसर चकाकी असलेली. ढोबळमानाने गोदावरीच्या वर तपकिरी आणि खाली काळी असं सांगितलं जातं, पण पक्षी काही नदी बघून रंग बदलत नाहीत. महाराष्ट्र नेमका या दोन रूपांच्या मधोमध येतो. त्यामुळे आपल्याकडे काळपट तपकिरी, धुरकट काळी, जवळजवळ पूर्ण काळी अशा सगळ्या छटा दिसतात. दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला तिथे तपकिरी पाठीचा नर दिसला, तर तो गावाकडच्या काळ्या चिरकाचा भाऊच आहे, दुसरी जात नव्हे. पाठीचा रंग शंका मिटवायला वापरू नका, त्याने शंका वाढतेच.

आता घोळ कुणाकुणाशी होतो ते बघू.

सगळ्यात जास्त दयाळशी. दयाळ नरही काळा-पांढरा आणि शेपटी वर करणारा. पण त्याचं पोट स्वच्छ पांढरं असतं, पंखावर खांद्यापासून मागपर्यंत लांबलचक पांढरी पट्टी असते आणि ती पंख मिटले तरी दिसते. शेपटीच्या दोन्ही कडाही पांढऱ्या. चिरकाच्या शेपटीत पांढरं एक पीस नसतं. जागाही वेगळी. दयाळला झाडं, बागा, सावली लागते. पहाटे तो झाडाच्या शेंड्यावर नाहीतर तारेवर बसून लांबलचक गातो. चिरकाला ऊन आणि उघडी जमीन हवी. अर्थात जिथे बाग संपून माळ सुरू होतो, अशा कडेवर दोघे शेजारी भेटतात, तेव्हा पोट बघायचं.

कवड्या गप्पीदासाचा नरही काळा-पांढरा. तो चिरकापेक्षा लहान, गोल डोक्याचा, आखूड शेपटीचा. त्याच्या पंखावर पांढरा डाग असतो, पण शिवाय शेपटीच्या मुळाशी वरूनही आणि खालूनही पांढरं असतं. म्हणजे जिथे चिरकाचं बूड तांबूस, तिथे याचं पांढरं. बसायची सवयही निराळी. गप्पीदास झुडपाच्या, उसाच्या, ज्वारीच्या ताटाच्या टोकावर बसतो, खाली किडा दिसला की झेप घेऊन टिपतो आणि पुन्हा टोकावर जातो. चिरक उंचावर बसतो तो टेहळणीला आणि गायला. पोट भरायचं काम तो जमिनीवर पायी फिरून करतो.

मादीचा घोळ होतो हिवाळ्यात, थरथऱ्यामुळे. ऑक्टोबरच्या सुमारास उत्तरेकडून थरथरे येतात आणि मार्चपर्यंत राहतात. त्यांच्या मादीचं अंगही तपकिरी आणि शेपटीकडे तांबूस. पण थरथऱ्याची शेपटीच तांबूस-नारिंगी असते आणि ती सतत थरथरत असते, नावच त्यावरून पडलं. चिरकाच्या मादीची शेपटी काळसर, फक्त बुडाखाली तांबूस, आणि ती थरथरत नाही, उभी राहते. शेपटी आडवी ठेवून कापरं भरल्यासारखी हलवली, तर थरथऱ्या. झेंड्याच्या काठीसारखी उभी केली, तर चिरक. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

लालबुड्या बुलबुलाचं नाव घ्यायचं कारण नाही असं वाटेल, पण 'शेपटीखाली लाल' एवढंच ऐकून लोक बुलबुलाकडे बोट दाखवतात. त्याला शेंडी असते, बूड रक्तासारखं लालभडक असतं आणि तो झाडा-झुडपांत वावरतो. चिरकाचं बूड विटेच्या रंगाचं.

चिरकाचं शास्त्रीय नाव आहे कॉप्सिकस फुलिकेटस. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1766 मध्ये त्याला नाव दिलं, तेव्हा त्याच्यासमोर असलेलं वर्णन फिलिपिन्समधल्या पक्ष्याचं म्हणून नोंदलं गेलं होतं. चिरक फिलिपिन्समध्ये मुळात नाहीच. तो भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका अशा भारतीय उपखंडातल्या देशांतलाच. पुढे ही चूक दुरुस्त होऊन वर्णनातल्या त्या पक्ष्याचं मूळ ठिकाण पुदुच्चेरी ठरवण्यात आलं. नावातला दुसरा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, तो तळ्यात पोहणाऱ्या काळ्या वारकरी पक्ष्याचा. म्हणजे 'वारकऱ्यासारखा काळा'. पूर्वी चिरकाला स्वतंत्र प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) ठेवत आणि तिचं नाव होतं सॅक्सिकोलॉइडिस. जुन्या पुस्तकांत तेच सापडतं. डीएनएच्या अभ्यासातून त्याचं दयाळशी जवळचं नातं स्पष्ट झाल्यावर त्याला दयाळच्याच प्रजातीत आणलं. तेव्हा चिरकाला दयाळ म्हणणारे अगदीच भलत्या वाटेवर नसतात. घराणं बरोबर सांगतात, माणूस चुकतो.

शोधायचा कसा

सकाळी ऊन अंगावर यायला लागल्यापासून नऊ-साडेनऊपर्यंत आणि संध्याकाळी साडेचारनंतर तो जास्त हालचाल करतो. उन्हाळ्यात दुपारी दगडाच्या किंवा झुडपाच्या सावलीत चोच उघडी ठेवून बसून असतो, तेव्हा शोधण्यात अर्थ नाही. माळाच्या कडेला, सूर्य पाठीशी घेऊन उभे राहा. आधी उंच जागा नजरेखालून घाला: मोठे दगड, वारूळ, कुंपणाचे खांब, घराची वळचण, ताल. नर तिथे असतो. नर दिसला की लगेच दुर्बीण त्याच्यावर खिळवून ठेवू नका. ही जोडीने राहणारी जात आहे. त्याच्या आसपास, बहुतेकदा जमिनीवर, तरवडाच्या किंवा बोरीच्या बुडाशी मादी असते. ती मातीच्या रंगाची असल्याने थांबली की दिसत नाही. शेपटी हलली की दिसते. 8 बाय 42 ची (आठ पट मोठं दाखवणारी) साधी दुर्बीण भरपूर झाली. माणसांच्या वावराला सरावलेल्या जागी चिरक दहा-बारा मीटरवरही निर्धास्त वावरतो, त्यामुळे गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनीही बघता येतो.

एक सूचना. तो जमिनीवर चरत असेल तर त्याच्या मागे चालत जाऊ नका. तो उडून लांब जात नाही, पाच-दहा मीटर पुढे जाऊन बसतो, आपण पुन्हा पुढे, तो पुन्हा पुढे, आणि अर्धा तास नुसती पाठच दिसते. त्याच्या वाटेच्या पुढे एका बाजूला बसून राहा. तो एका ठरलेल्या टापूत फिरतो, वळून येतो.

आणि तो खाताना बघणं हीच खरी मजा आहे. उघड्या मातीवर तो टुणटुण चार उड्या मारतो, थांबतो, मान एका बाजूला कलती करतो. मग शेपटी वर, पंख किंचित झटकल्यासारखे. पुन्हा दोन उड्या. वाळलेलं पान आडवं आलं तर चोचीच्या एका टोकाने ते बाजूला भिरकावतो आणि खाली जे काही असेल ते उचलतो. मुंगी, वाळवी, छोटा भुंगा असेल तर जागच्या जागी गिळतो. नाकतोडा मोठा असला तर त्याला चोचीत आडवा धरून दगडावर दोन्ही बाजूंना आपटतो, पंख-पाय गळून पडले की मग गिळतो. पिल्लं असली की लहान पाल, सरडुला, बेडूकही त्याच्या चोचीत दिसतो. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी जमिनीतून बाहेर पडायला लागली की चिरकाची दिवाळी. वारुळाच्या तोंडाशी बसून तो एकामागून एक वाळवी उचलत राहतो. संध्याकाळी, अंधार पडता पडता, अंगणातल्या किंवा रस्त्याच्या दिव्याखाली जमलेले किडे टिपतानाही तो दिसतो. बाकीचे पक्षी झोपायला गेल्यावर जमिनीवर एक काळा पक्षी अजून उड्या मारतोय, तर तो हाच असतो.

या सगळ्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. त्याला उघडी जमीन लागते. गुडघाभर गवतात त्याला चालताही येत नाही आणि किडाही दिसत नाही. मध्ये मध्ये माती उघडी, मध्ये मध्ये दगड, आसऱ्याला एखादं काटेरी झुडूप: अशी जमीन त्याची. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य, सोलापूरजवळचं नान्नज, पुण्याची वेताळ टेकडी, कोकणातले जांभ्या दगडाचे सडे, विदर्भ-मराठवाड्यातली गायरानं ही सगळी चिरकाची जागा. दाट जंगलात तो जात नाही.

गाणं, भांडण आणि आरसा

चिरकाचं गाणं दयाळच्या तोडीचं नाही. दोन-तीन सेकंदांची, उंच पट्टीतली, गोड शिटी, थोड्या थोड्या वेळाने तीच पुन्हा. धोका वाटला की मात्र कर्कश 'चर्र, चर्र' करतो. मांजर, साप, मुंगूस आसपास असल्याचं तोच आधी सांगतो. अंगणात चिरक एका जागी बसून, शेपटी आपटत एकसारखा चरचरत असेल, तर खाली काय आहे ते जरा जपून बघा.

विणीच्या दिवसांत नर आपल्या टापूत दुसऱ्या नराला उभं राहू देत नाही. दोघे समोरासमोर येतात, अंगावरची पिसं फुलवतात, शेपटी उभी करून पसरतात आणि बुडाची तांबूस पिसं दाखवत इकडून तिकडे मिरवतात. मादीसमोरही साधारण हाच थाट असतो. याच दिवसांत तो दुचाकीच्या आरशावर, खिडकीच्या काचेवर झेपावायला लागतो. त्याला स्वतःचं प्रतिबिंब दुसरा नर वाटतं. तासन् तास चोची मारून तो दमतो आणि घरट्याकडचं लक्ष कमी होतं. दुचाकीच्या आरशावर जुना मोजा किंवा पिशवी चढवली की प्रश्न मिटतो. खिडकीसाठी लोक आतून पडदा ओढतात, आणि त्यानेच फसतात: आत अंधार झाला की बाहेरून काच आणखी आरशासारखी दिसते. कागद चिकटवायचा तो काचेच्या बाहेरच्या बाजूने. किंवा बाहेरून साबणाच्या पाण्याचा जाडसर हात फिरवून वाळू द्या. तीन-चार आठवडे तसंच ठेवलं की पुरतं.

घरटं

महाराष्ट्रात चिरकाची बहुतेक घरटी मार्च ते जुलैच्या दरम्यान होतात. पाऊस लवकर-उशिरा झाला तर थोडं मागे-पुढे. घरटं झाडाच्या फांदीवर शोधायचं नाही. भिंतीतलं भोक, विहिरीच्या बांधणीतली फट, ओढ्याच्या दरडीतलं बीळ, तालीतल्या दोन दगडांमधली पोकळी, झाडाचं कुजलेलं खोड, बांधकामावरच्या विटांचा ढीग, उपडं पडलेलं मडकं, तेलाचा रिकामा डबा, यातलं काहीही चालतं. जागा फार उंच नसते. माणसाच्या कमरेखालीच बहुतेकदा. आत वाळलेलं गवत आणि मुळ्या, त्यावर शेळी-म्हशीचे केस, कापूस, पिसं यांचं अस्तर. बऱ्याच घरट्यांत सापाच्या कातीचे तुकडे सापडतात. ते दिसले म्हणून साप येऊन गेला असं समजू नये. पक्ष्यांनीच ते आणून लावलेले असतात.

अंडी दोन ते चार. मळकट पांढरी, हिरवट झाक असलेली, त्यावर तांबूस-तपकिरी ठिपके. उबवायचं काम एकटी मादी करते, ते दहा-बारा दिवस चालतं. पिल्लं बाहेर आली की भरवायला दोघेही धावतात. जागा लाभली तर त्याच पोकळीत पुढच्या वर्षी पुन्हा घरटं होतं. म्हणून 'विणीचा हंगाम संपला, आता बुजवा' असं करण्यात नुकसान आहे.

घरटं कुठे आहे ते चोचीवरून कळतं. चोचीत गवताची काडी किंवा केस असतील तर बांधकाम चालू आहे, किडा धरून बसला असेल आणि तो खात नसेल तर पिल्लं आहेत. तुम्ही बघत असताना तो घरट्यात शिरणार नाही. दगडावर बसून चरचरत राहील, किडा चोचीत तसाच. हे दिसलं की ताबडतोब मागे सरा. आपण उभे असेपर्यंत पिल्लं उपाशी असतात. पंधरा-वीस मीटर मागे, झाडाआड, तेवढ्या अंतरावरून तो आत कुठे शिरतो ते दिसतंच. जवळ जाऊन टॉर्च मारणं, गवत बाजूला करणं, फोन आत घालून फोटो काढणं हे घरट्याच्या मुळावर येतं. आपण गवत तुडवून जी पायवाट करतो, तीच मांजर आणि मुंगूस वापरतात. टकाचोर हा पक्षीही पिल्लं उचलण्यात तरबेज.

पिल्लांबाबत तीन चुका हमखास होतात.

पहिली: विटांचा ढीग हलवताना घरटं उघडं पडतं, कामगार पिल्लू हातात घेतो आणि ते निपचित पडतं. मेलं समजून टाकून देतात. चिरकाची पिल्लं हातात घेतली की मेल्याचं सोंग घेतात. त्यांना परत त्याच पोकळीत ठेवून, ढिगाचा तेवढा भाग दोन आठवडे तसाच राहू द्यायचा. दुसरी: माणसाचा हात लागला की आई पिल्लाला घेत नाही, ही समजूत. ती खोटी आहे. आई-बाप परत येतात, फक्त आपण तिथून हललं पाहिजे. तिसरी चूक सगळ्यात जास्त घडते. आखूड शेपटीचं, अंगावर पिसं असलेलं, जेमतेम फडफडणारं पिल्लू कुंपणाशी जमिनीवर बसलेलं दिसतं आणि कुणीतरी मायेने खोक्यात घालून घरी आणतं. ते पडलेलं नसतं, घरट्यातून निघालेलं असतं. चिरकाची पिल्लं नीट उडता येण्याआधीच बाहेर पडतात आणि झुडपाखाली, दगडाआड दडून राहतात. आई-बाप तिथेच येऊन भरवतात. अंगावर पिसं असतील तर फार तर त्याला जवळच्या झुडपात सरकवा आणि कुत्र्या-मांजराला थोडा वेळ लांब ठेवा. दूध, भात, बिस्किट काहीही भरवू नका. पिसंच फुटली नसतील, नुसतं उघडं कातडं असेल, तरच ते घरट्यातून पडलं आहे. घरटं शोधून त्यात ठेवा.

फोटो काढणाऱ्यांसाठी थोडं

काळा पक्षी आणि भगभगीत माती, हे कॅमेऱ्याला न झेपणारं गणित आहे. चौकटीत पक्षी लहान आणि उजळ माती जास्त असेल, तर कॅमेरा मातीवरून उजेड ठरवतो आणि पक्षी नुसता काळा ठिपका होतो. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, अर्ध्या-पाऊण स्टॉपने (स्टॉप हे कॅमेऱ्यातलं उजेडाचं माप) वाढवा. उलट पक्षीच चौकट भरून असेल तर कॅमेरा काळ्याला राखाडी करायला जातो, तेव्हा तेवढंच कमी करा, नाहीतर खांद्याच्या पांढऱ्या पट्ट्यातला तपशील जळून जातो. निळसर चकाकी हवी असेल तर ऊन कोवळं आणि तिरपं असताना, सूर्य आपल्या पाठीशी असताना काढा. कॅमेरा त्याच्या डोळ्याच्या उंचीला, म्हणजे जवळजवळ जमिनीला टेकवून. उभं राहून काढलेल्या फोटोत बूड दिसत नाही आणि ओळखीची खूणच हरवते. ओळख पटवण्यासाठी फोटो कुणाला पाठवायचा असेल, तर सुंदर फोटोपेक्षा शेपटी वर असलेला एक आणि उडतानाचा एक, अस्पष्ट का असेना, जास्त कामाचा.

त्याची जमीन

चिरक दुर्मीळ नाही, धोक्यातही नाही. पण तो ज्या जमिनीवर राहतो तिला सरकारी नकाशांत 'पडीक' म्हणतात, आणि पडीक म्हटलं की तिथे काहीतरी केलंच पाहिजे असं सगळ्यांना वाटतं. माळावर खड्डे खणून झाडं लावली जातात. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प लावलं, ते माजलं, आणि जिथे दगड, कुसळी गवत आणि उघडी माती होती तिथे सावली आली. हिरवं दिसतं म्हणून लोक सुखावतात. चिरक, चंडोल, धाविक, माळटिटवी यांच्यासाठी मात्र ते घर मोडल्यासारखं असतं. झाडं लावण्याला आमचा विरोध नाही. माळावर झाडं लावण्याला आहे, ठाम आहे. माळ हा जंगल व्हायचा राहून गेलेला तुकडा नाही, ती तशीच जमीन आहे. दुसरा घाला वणव्याचा. गवत पेटवण्याचा काळ आणि चिरकाच्या विणीची सुरुवात मार्चच्या सुमारास एकमेकांवर येते. मोठा पक्षी उडून जातो, दरडीतली अंडी राहतात.

घराच्या आसपास त्याला जागा द्यायची असेल तर खर्च काहीच नाही. कंपाउंडची दगडी भिंत दरजा भरून घ्यायला काढली असेल, तर जमिनीपासून दोन-तीन फुटांवर, मूठ आत जाईल एवढ्या दोन-तीन पोकळ्या तशाच सोडायला गवंड्याला सांगा. भोकाचं तोंड पावसाच्या माऱ्याकडे नको आणि पोकळी किंचित बाहेरच्या बाजूला उतरती हवी, नाहीतर पाणी साचून घरटं कुजतं. आवाराच्या एका कोपऱ्यात पालापाचोळा पडू द्या, जाळू नका. एखादा हात-दोन हात लांबीचा वाळका ओंडका जमिनीवर राहू द्या. त्याखाली वाळवी येते आणि वाळवीपाठोपाठ चिरक. ओंडका घराच्या लाकूडकामापासून लांब ठेवायचा, हे ओघानं आलंच. ज्वारी-तांदूळ टाकून तो येणार नाही, तो किडे खाणारा आहे. दाण्याला कबुतरं येतील. आणि कीटकनाशक मारलेल्या आवारात किडेच नसतात, तेव्हा तिथे त्याची वाट बघू नये.

पाणी ठेवायचं तर जमिनीवरच, पसरट मातीच्या थाळ्यात, तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल नको, मध्ये एक खडबडीत दगड ठेवून. झुडपाला अगदी चिकटून ठेवलं तर मांजर दबा धरून बसते, म्हणून झुडपापासून दोन मीटर तरी लांब, मोकळ्यावर. पाणी रोज बदलायचं. उन्हाळ्यात दुपारी तीनच्या सुमारास एकदा भरून ठेवलं, तर ऊन उतरायला लागलं की आधी नर थाळ्याच्या काठावर येऊन शेपटी वर करून बघेल, आणि मग मादी दगडाआडून उड्या मारत येईल.